एक मीटर बाय एक मीटर

नकाशात झाड म्हणजे एक वर्तुळ असायचं,
पाच मिलिमीटरचं, आत फुली.
एकतीस वर्षं मी ती काढली ट्रेसिंग पेपरवर,
आणि साहेबांनी बोट ठेवलं की
ब्लेडच्या कोपऱ्यानं खरवडूनही टाकली.
खरवडलेलं झाड
शीट खिडकीशी धरली की दिसतं,
थोडं धुरकट, पण दिसतं.

मानेवाडा रोडची शीट माझीच.
मधे सिमेंट, कडेला पेव्हर, पेव्हरला कर्ब.
कडुनिंबांपुढे मी लिहिलं होतं, 'आहे तसे'.
ठेकेदारानं आहे तसेच ठेवले:
सालीला भिडवून ओतलं काँक्रीट,
मुंगी जाईल एवढीही फट नाही.

आता रविवारी पहाटे पाचला निघतो,
छिन्नी, दीड किलोचा हातोडा, डोळ्यांना जुना चष्मा.
नवतप्यात आठनंतर लोखंड हातात धरवत नाही.
खर्ऱ्याच्या टपरीवाला पट्टी घोटता घोटता थांबतो:
"काहून बाप्पा, सरकारी रस्ता फोडून राहिले?"
मी म्हणतो, "जुनं काम बाकी होतं."
तो पुन्हा घोटायला लागतो.
कधी समोरच्या घरातली प्रणोती हेडाऊ,
मेडिकलची रात्रपाळी करून आलेली,
गेट उघडायच्या आधी गाडीचा लाइट माझ्या हातांवर सोडते.
दोन मिनिटं. बोलत काही नाही.

स्लॅबची पहिली ढलपी निघाली
तेव्हा वास आला नाही मातीचा.
माती राखेसारखी होती, पांढुरकी,
आणि एक मूळ
वर येऊन, सिमेंटला डोकं लावून
परत आपल्याच बुंध्याकडे वळलेलं.
मी बराच वेळ तिथे बसून राहिलो.
पाय मुरगळला होता, हे एक कारण.

सहाव्या झाडाशी महापालिकेचा पोरगा आला.
ज्युनियर इंजिनिअर, नवा, इस्त्रीची घडी अजून शर्टावर.
मोबाइलवर नकाशा मोठा करून म्हणाला,
"काका, ह्यात कुठं सोडलीये जागा? बघा."
बघितलं.
खालच्या चौकटीत, रेखाटन: गु. पराते.
म्हटलं, "अक्षर ओळखतो मी ह्याचं."
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे,
मग उगाच पेव्हरवर बुटानं रेघ ओढली.
"किती सोडायची असते?"
"एक मीटर बाय एक मीटर."
"आणि पार्किंग?"
ह्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं,
आजही नाही.
जाताना म्हणाला, "मी इकडे आलोच नव्हतो, समजा."
समजलो.

बायको कूलरची टाकी रिकामी करते तेव्हा
ते पाणी आता मोरीत जात नाही.
खसाचे तंतू तरंगत असलेलं,
दोन बादल्या, कधी अडीच.
आरओचं वाया जाणारंही ती धरून ठेवते,
आणि पायऱ्या उतरताना म्हणते,
"एवढा जीव पेन्सिलीला लावला असता तर?"

अकरा नंबरचं झाड गेलं.
उशीर झाला होता, खोडात भुसा.
ते मी यादीत ठेवलंय, खोडलं नाही.
खोडायचं नाही, एवढंच ठरवलंय.

मुलगा पुण्याहून फोनवर विचारतो,
"बाबा, दहा-बारा झाडांनी नागपूर गार होणार आहे का?"
नाही रे.
सत्तेचाळीसचं शेहेचाळीसही होणार नाही.
पण मी आयुष्यभर एकास दोनशेनं काढलं सगळं,
एकास पाचशेनंही.
एकास एक
हे पहिलंच.

काल सातव्या चौकोनात बादली ओतली.
पाणी आधी काठावर उभं राहिलं,
विचार करत असल्यासारखं.
मग आतून आवाज आला,
तहानलेल्याच्या घशातून येतो तसा,
आणि ते खाली गेलं.
मी दुसरी बादली आणायला उठलो.